न सापडलेली डबी आणि न शोधलेली डबी
वर्षानुवर्षे कोणाचीही नोंद न झालेले जिओकॅश (जीपीएसच्या मदतीने इतरांनी शोधून नोंद करावी म्हणून लपवलेल्या डब्या) यादीतून सरसकट काढून टाकावेत, हे लेखातील मत मला पटले नाही. अंतराळ पर्यटक रिचर्ड गॅरियट यांनी २००८ मध्ये आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकात ठेवलेल्या कॅशवर अंतराळवीर रिक मास्ट्राकियो यांची नोंद थेट २०१३ मध्ये झाली. आणि तिथे तर माणसांचा राबता अखंड होता! शोधूनही डबी न सापडल्याच्या नोंदी लागोपाठ येणे वेगळे आणि तिकडे कोणी फिरकलेच नसणे वेगळे. दुर्गम डोंगरावरच्या डबीचे झाकण घट्ट असेल, तर आतल्या वहीतली पेन्सिलीची अक्षरे (शाईची मात्र ओलीने फुटतात) कितीतरी पावसाळे शाबूत राहतात. ठेवणाऱ्याने अधूनमधून स्वतः जाऊन पाहावे, एवढी अट मला पुरेशी वाटते.