घड्याळातल्या कॅलरी ताटात वाढून घेऊ नका

जिमच्या ग्रुपवर आणि रील्समध्ये एक दावा सतत फिरत असतो. तासभर वजनं उचलली की ६०० ते ८०० कॅलरी जळतात, पुढचे ४८ तास शरीर आपोआप जाळतच राहतं, वाढलेला प्रत्येक किलो स्नायू रोज १०० कॅलरी खातो, तेव्हा मनगटावरचं घड्याळ दाखवेल तेवढं बिनधास्त खा. यातल्या प्रत्येक वाक्यात थोडं तथ्य आहे, म्हणूनच ते चटकन पटतं. पण या हिशेबावर विसंबून मेहनत करणाऱ्यांचं वजन हलत नाही, ते निराश होतात आणि चांगला चाललेला व्यायाम सोडून देतात. म्हणून एकेक मुद्दा नीट तपासायला हवा.

आधी ते ६०० ते ८००. व्यायामशास्त्रात हालचालींचा खर्च मेट या एककात मोजतात. स्वस्थ बसलेल्या माणसाचा खर्च १ मेट, म्हणजे दर किलो वजनामागे तासाला साधारण १ कॅलरी. संशोधक जी प्रमाण यादी वापरतात तिच्या २०११ च्या आवृत्तीत नेहमीच्या वेट ट्रेनिंगला ३.५ मेट दिले आहेत आणि जोरकस पॉवरलिफ्टिंग किंवा बॉडीबिल्डिंगला ६. सत्तर किलोच्या माणसासाठी हे तासाला २४५ ते ४२० कॅलरी झाले. त्यातल्या ७० तर तो घरी बसला असता तरी खर्च झाल्याच असत्या. व्यायामाचे म्हणून उरले १७५ ते ३५०.

एवढेच? पटत नसेल तर स्क्वॉटचा, म्हणजे बार खांद्यावर घेऊन सलग काढलेल्या उठाबशांचा, एक सेट घ्या. बारवर १०० किलो, शिवाय शरीराचं साधारण ६० किलो वजन वर-खाली होतं. दर वेळी ६० सेंटिमीटर, असे १० रेप, म्हणजे दहा वेळा. वर उचलण्याचं काम भरतं सुमारे ९,४०० ज्यूल. आहारातली एक कॅलरी म्हणजे ४,१८४ ज्यूल, म्हणजे हे काम जेमतेम सव्वादोन कॅलरींचं. स्नायूंना मिळालेल्या ऊर्जेपैकी २० ते २५ टक्केच कामी लागते, बाकीची उष्णता होते. तेव्हा खर्च ९ ते ११ कॅलरी. खाली बसतानाचा खर्च धरला तरी सेटमागे १५ च्या आसपास, आणि असे पाच सेट केले तर ७५. पाचव्या सेटनंतर मांड्या थरथरतात, धाप लागते, टी-शर्ट भिजतो. तो त्रास खराच असतो, पण घामावरून कॅलरी मोजता येत नाहीत. शिवाय दोन सेटच्या मध्ये दोन-तीन मिनिटं थांबावंच लागतं, त्यामुळे तासातला प्रत्यक्ष उचलण्याचा वेळ थोडाच असतो.

मग घड्याळ मोठा आकडा का दाखवतं? त्याच्या पाठीमागचा हिरवा प्रकाश त्वचेखालच्या रक्ताचा ओघ टिपतो, त्यावरून नाडी काढतो, आणि नाडीवरून कॅलरींचा अंदाज बांधला जातो. एका लयीत धावताना हे बरंच जमतं, कारण नाडी आणि प्राणवायूचा वापर हातात हात घालून वाढतात. जड वजनाखाली ती जोडी फुटते. आपण श्वास कोंडतो, आवळलेले स्नायू रक्तवाहिन्या दाबतात आणि रक्तदाब उसळतो. कॅनडात १९८५ मध्ये अनुभवी बॉडीबिल्डरांचा रक्तदाब थेट धमनीत मोजला होता, तेव्हा दोन्ही पायांच्या लेग प्रेसमध्ये, म्हणजे यंत्रावर पायांनी वजन ढकलताना, तो सरासरी ३२०/२५० पर्यंत गेला. अशा वेळी हृदय धडधडतं ते या ताणामुळे, तेवढा प्राणवायू जळतोय म्हणून नव्हे. त्यात बार घट्ट धरला, मनगट वाकलं की प्रकाशाचं मापही बिघडतं आणि ठोके सुटतात. म्हणजे चूक कधी वरच्या बाजूला, कधी खालच्या.

स्टॅनफर्डच्या संशोधकांनी २०१७ मध्ये सात उपकरणं ६० जणांवर तपासली. सातपैकी सहा उपकरणांनी नाडी ५ टक्क्यांच्या आतल्या चुकीने सांगितली. कॅलरींच्या बाबतीत मात्र सगळ्यात अचूक उपकरणही सरासरी २७ टक्के चुकलं आणि सगळ्यात वाईट ९३ टक्के. ही चाचणी चालणं, धावणं, सायकल यांची होती, म्हणजे घड्याळांना सोप्या जाणाऱ्या व्यायामांची. घड्याळं त्यानंतर सुधारली आहेत, पण नाडीवरून वेट ट्रेनिंगच्या कॅलरी काढण्यातली मूळ अडचण तशीच आहे. न्यायाने हेही सांगायला हवं की प्रयोगशाळेत खर्च मोजायला तोंडावर लावतात तो मुखवटा प्राणवायू मोजतो, त्यामुळे जड सेटमधली प्राणवायूविना मिळालेली ऊर्जा त्याच्याही हातून थोडी निसटते. पण तेवढ्याने २५० चे ७०० होत नाहीत.

व्यायामानंतरच्या ज्वलनाचा मुद्दा खोटा नाही, फुगवलेला आहे. २००६ च्या एका आढाव्यानुसार हा जादा खर्च व्यायामाच्या निव्वळ खर्चाच्या ६ ते १५ टक्के असतो. २५० कॅलरींवर १५ ते ३८. तो ३८ तास टिकल्याचं दाखवणारा २००२ चा एक प्रयोग आहे, पण त्यात सातच पुरुष होते, आणि जास्त वेळ टिकला म्हणजे जास्त जळलं असं होत नाही.

किलोमागे १०० कॅलरी हे तर साफ चूक. विश्रांतीत एक किलो स्नायू दिवसाला साधारण १३ कॅलरी वापरतो, एक किलो चरबी साडेचार. यकृत आणि मेंदू किलोमागे २०० ते २४० वापरतात, हृदय आणि मूत्रपिंडं ४४० च्या घरात. तीन किलो स्नायू कमवायला कित्येक महिने घाम गाळावा लागतो आणि त्याचे रोजचे मिळतात जेमतेम ४०.

आता ताटाकडे या. आयसीएमआरच्या २०२० च्या शिफारशींत ५५ किलोच्या बैठं काम करणाऱ्या स्त्रीला दिवसाला १,६६० कॅलरी धरल्या आहेत. तिने ४५ मिनिटं वेट ट्रेनिंग केलं तर निव्वळ खर्च साधारण १०० च्या आसपास. घड्याळाने ३५० दाखवले म्हणून तिने एक वडापाव जास्त खाल्ला, तर जाळलं त्यापेक्षा खाल्लं जास्त. आणि घड्याळाच्या आकड्यात बसल्या जागचा खर्चही मिसळलेला असेल, तर १,६६० मध्ये आधीच मोजलेल्या कॅलरी ती दुसऱ्यांदा मोजत असते.

यावरून काही जण दुसरं टोक गाठतात: मग वजनं सोडा, ट्रेडमिलवर चढा. हेही चूकच. नुसतं खाणं कमी केलं की चरबीबरोबर स्नायूही झिजतो. वजनं उचलली आणि प्रथिनं पुरेशी घेतली की तो बराचसा वाचतो. रक्तातली साखर, हाडं, म्हातारपणी जमिनीवरून आपलं आपण उठता येणं, यातलं काहीच कॅलरीच्या आकड्यात दिसत नाही. जागतिक आरोग्य संघटना आठवड्यातून किमान दोन दिवस स्नायूंचा व्यायाम सांगते तो यासाठी.

नोंद ठेवायचीच असेल तर वहीत व्यायामाचं नाव, किती किलो, किती रेप, किती सेट एवढं लिहा. सकाळी उपाशीपोटी वजन करा, आठवड्याची सरासरी काढा, महिन्यातून एकदा कमरेला टेप लावा. तीन-चार आठवडे सरासरी जागची हलली नाही तर खाणं थोडं कमी करा. वजन उतरतंय पण उचलायचे किलोही घसरताहेत असं दिसलं तर खाणं थोडं वाढवा.