अंतर भागिले 800 म्हणजे उड्डाणाचा वेळ नव्हे

सध्या एक संदेश फिरतोय: दोन विमानतळांमधलं अंतर किलोमीटरमध्ये काढा, 800 ने भागा, झाला तासांत उड्डाणाचा वेळ. जाताना वारा अडवतो तसा येताना ढकलतो, म्हणून तो धरायचाच नाही. तिकिटावर जास्त वेळ दिसला तर ती कंपनीची लबाडी. मोठ्या शहरांमधल्या लांब पल्ल्याला हा हिशेब थोडाफार जमतो. आडबाजूच्या विमानतळांना लावला की कोलमडतो, आणि तिथे एक जोडविमान हुकलं तर पुढचं कधीकधी दोन दिवसांनी असतं. म्हणून हे सविस्तर लिहितोय.

आधी अंतर. संकेतस्थळं दाखवतात ती पृथ्वीच्या गोलावरची सर्वांत जवळची वाट. ते गणित जवळपास चोख असतं. सपाट नकाशावर पट्टी ठेवणाऱ्यांनी मात्र जपावं; मर्केटर नकाशात, म्हणजे अक्षांश-रेखांश सरळ उभ्या-आडव्या रेषांनी दाखवणाऱ्या जगाच्या नकाशात, 60 अक्षांशावर अंतर दुप्पट दिसतं. पण विमान त्या रेषेवरून नेमकं कुठे जातं? वारा येतो तिकडे तोंड करून उडायचं, मग वळायचं, डोंगर टाळायचे, पुन्हा धावपट्टीच्या रेषेत यायचं. समजा यात 40 किमी वाढले. 1500 किमीत ते कळतही नाहीत. 150 किमीत पाव हिश्श्याहून जास्त होतात.

खरा घोळ 800 चा आहे. हा वेग जेट विमानाचा, तोही उंचीवर पोचल्यानंतरचा. आखूड धावपट्टीवर बहुधा पंख्यांची टर्बोप्रॉप विमानं येतात. एटीआर 72 ताशी साधारण 500 किमी जातं, ट्विन ऑटर 300 च्या आसपास. जवळच्या प्रवासात तर चढणं-उतरणं यातच बराचसा वेळ जातो. स्कॉटलंडच्या ऑर्कनी बेटांमधलं वेस्ट्रे ते पापा वेस्ट्रे हे अंतर जेमतेम 2.7 किमी. सूत्राने उत्तर येतं 12 सेकंद. वेळापत्रकात दोन मिनिटं असतात, आणि विक्रम आहे 53 सेकंदांचा. काही संकेतस्थळं चढ-उतारासाठी सरसकट अर्धा तास मिळवतात. त्यांच्या हिशेबाने हाच प्रवास अर्ध्या तासाचा!

वाऱ्याची फिटंफाट होत नाही. 600 किमी अंतर, विमानाचा वेग 500, वारा ताशी 100 किमीचा धरा. समोरून असेल तर दीड तास, पाठीमागून असेल तर एक तास. येऊन-जाऊन अडीच तास. वारा नसता तर दोन तास 24 मिनिटं लागली असती. उलट वाऱ्यात विमान जास्त वेळ अडकतं, म्हणून तोटा उरतोच. विमान जितकं हळू, तितका तोटा मोठा.

आता लबाडी. तिकिटावरचा वेळ विमान जागेवरून हलल्यापासून दुसऱ्या टोकाला थांबेपर्यंतचा असतो. वक्तशीरपणा दिसावा म्हणून कंपन्या त्यात थोडी भर घालतात, हे खरं आहे आणि ते मान्य करायला हवं. पण सूत्र आणि तिकीट यांतला सगळा फरक त्या भरीचा नाही.

शेवटी, या संदेशात न विचारलेला प्रश्न: तिथे थेट विमान आहे का? प्रशांत महासागरात हवाईमधलं होनोलुलू ते ग्वाम बेट सुमारे 6,100 किमी, थेट विमानाला आठ तासांच्या आसपास लागतात. वाटेतली मार्शल आणि मायक्रोनेशियाची बेटं घेत जाणाऱ्या ‘आयलंड हॉपर’ला चौदा तासही पुरत नाहीत. त्या बेटांवर जायचं असेल तर आधी वेळापत्रक उघडा. कोणत्या वारी विमान आहे ते त्यातच कळेल.