रोजगार हमी कशी राबवावी: नव्या सरपंचांना फुकटचा सल्ला

सरपंच झालात, अभिनंदन. गुलाल उधळून झाला, डीजेचं बिल कोणी द्यायचं यावरून दोन गटांत बोलाचाली पण झाली असेल, आता गावातल्या हातांना काम द्यायचंय ना, मग सगळ्यात आधी एक जेसीबी बघा. स्वतःच्या नावावर नको, मेहुण्याच्या घ्या. रोजगार हमीच्या कामावर ठेकेदार चालत नाही, मजुरांचं काम खाणारं मशीन चालत नाही असं कायद्यात लिहून ठेवलंय म्हणून बिचकू नका, जेसीबी रात्री चालतो आणि कायदा सकाळी दहाला उघडतो.

माणसांकडून शेततळं खोदून घेण्यात फार ताप असतो हो. ते प्यायला पाणी मागतात, सावली मागतात, कामावर 5 लहान पोरं जमली की त्यांना सांभाळायला एक बाई नेमा म्हणतात (हे पण कायद्यातच आहे, काय एकेक कल्पना), आणि एवढं करून शेवटी मजुरी पण मागतात. मशीनला फक्त डिझेल लागतं.

मस्टरवर, म्हणजे मजुरांच्या हजेरीपटावर, नावं लावताना मात्र जरा डोकं चालवा. मेलेल्या माणसांची नावं ही जुनी पद्धत झाली, आता पैसे आधारला जोडलेल्या खात्यावर जातात, उगाच अडकाल. जिवंत, घरी बसलेली, सही करणारी माणसं निवडा, पैसे जमा झाले की बँकेच्या दारातच हिशोब मिटवायचा, नाव वापरायला दिलं म्हणून थोडे त्याचे, बाकीचे विकासाचे. म्हणजे बघा, खड्ड्यात न उतरता रोजगार, असा रोजगार जगात कुठे मिळतो का.

हजेरीचं ॲप आलंय, सकाळी एक फोटो आणि दुपारी एक फोटो, त्याचं पण टेन्शन घेऊ नका. गेल्या वर्षी काढलेल्या फोटोचा फोटो काढून टाका. एकच फोटो चार मस्टरला लावा. मस्टरवर सगळ्या बाया आणि फोटोत सगळे बाप्ये असले तरी बिघडत नाही. हे मी मनाचं सांगत नाहीये, 2025 च्या जुलैत केंद्राच्या ग्रामविकास मंत्रालयानेच पत्रक काढून असले प्रकार चालतात म्हणून राज्यांना कळवलं, एवढी अधिकृत गाईड तर एमपीएससीवाल्यांना पण मिळत नाही. आणि जिथे खरंच बाया उन्हात माती उचलतायत तिथे नेमकी रेंज नसते, मग त्यांचा फोटो चढत नाही आणि हजेरी बुडते, पण त्याला तुम्ही तरी काय करणार.

आता खरी गोम. काम मागितलं की 15 दिवसांत द्यायचं, नाही दिलं तर बेकारी भत्ता, असा नियम आहे. पण हे 15 दिवस कधी सुरू होतात, तर अर्ज घेऊन तारखेची पोच दिली की. म्हणून पोच देऊच नका. अर्ज तोंडी घ्या, "बघतो, साहेबांशी बोलतो" म्हणा, फारच कोणी अडून बसलं तर फॉर्म संपलेत, झेरॉक्सवाला लग्नाला गेलाय.

मजुरी लांबली तर भरपाई पण आहे बरं का, 16 व्या दिवसापासून रोज 0.05 टक्के. महाराष्ट्रात 2025-26 चा दर 312 रुपये, म्हणजे सहा दिवसांचे झाले 1872, त्यावर दिवसाला साधारण 94 पैसे. हातउसने घेतलेल्या पैशाचं सावकाराकडे व्याज किती होतं ते कामावरच्या बाईला विचारू नका, मूड जाईल.

गावातली म्हातारी माणसं 72 च्या दुष्काळाचं सांगत बसतील. खडी फोडली, सुकडी खाल्ली, 73 च्या उन्हाळ्यात राज्यभर 50 लाखांच्या आसपास माणसं कामावर होती, तेव्हाचे विधान परिषदेचे सभापती वि. स. पागेंनी योजना मांडली, 1977 ला महाराष्ट्राने कायदा केला, दिल्लीला हे सुचायला 2005 उजाडलं. ऐकून घ्या, मान डोलवा. त्या लोकांकडे जेसीबी नव्हता म्हणून त्यांना माणसं लावावी लागली, नाईलाज होता.

शहरातल्या वाचकांनी पण हसू नये. पगारातून महिन्याला 200 आणि फेब्रुवारीत 300 असा जो प्रोफेशनल टॅक्स कापला जातो ना, तो 1975 मध्ये याच रोजगार हमीसाठी लावला होता, म्हणजे आमच्या मेहुण्याच्या हप्त्यात तुमचाही खारीचा वाटा आहे, थँक्यू.

राहिला वरचा अहवाल. तो दिवाळीनंतर पाठवा. तोवर निम्मी वस्ती बैलं, पोरं, भांडीकुंडी घेऊन ऊसतोडीला गेलेली असते, दाराला कुलपं असतात, विचारायला पण कोणी नसतं. कामाच्या मागणीच्या रकान्यात बिनधास्त लिहा: निरंक.