पडशीन ना, आजी!

आज सकाळपासून डोकं फिरलंय. घरच्यांपैकी कोणाला राग आला तर येऊ द्या, लिहितोच.

मामीकडे डबा द्यायला गेलो होतो. मामी ओट्यावरून खाली उतरत होती. परसात मांडवावर वालाच्या शेंगा लोंबून राहिल्या, त्या तोडायच्या होत्या तिला. एक पाय पायरीवर, दुसरा अजून वर, हात खांबाला. तेवढ्यात खांबावरचा कॅमेरा बोलला! "आजी, खाली नको उतरू. पडशीन ना!" नातू पुण्यात, ऑफिसात बसून मोबाईलवर आजी पाहत होता. मामीनं पाय वर घेतला, खुर्चीत जाऊन बसली आणि मला म्हणते, "तूच तोड बाप्पा. माह्याच्यानं नाही होत आता."

नाही होत? ही बाई मागच्या हंगामापर्यंत ओटी बांधून कापूस वेचत होती! वय ७७. या पावसाळ्यात न्हाणीत घसरली, मनगट लचकलं. हाडबीड काही मोडलं नाही, हात बराही झाला. पण तेव्हापासून घरात जे 'बस, बस' सुरू झालं ते थांबायचं नाव नाही. बस, पाणी मी देतो. बस, देवळात काहून जातं? लेक चांगला, सून चांगली, नातू तर जीव टाकतो. या चांगुलपणानंच घात केला.

आणि न्हाणीतलं शेवाळ अजून तसंच आहे बरं का. कॅमेऱ्याला पैसे निघाले, ब्लीचिंग पावडरला नाही निघाले.

बसून बसून मांड्या वाळतात. मग उठताना पाय कापतात, पाय कापले की भीती वाटते, भीती वाटली की माणूस आणखी बसतो. आणि एक दिवस खरंच पडतो. तेव्हा घरचे म्हणायला मोकळे, पाहा, आम्ही सांगतच होतो! जागतिक आरोग्य संघटना पासष्टीच्या पुढच्यांनाही आठवड्याला निदान १५० मिनिटं चालण्यासारखी हालचाल करा म्हणते, वरून आठवड्यातून ३ दिवस तोलाचे आणि ताकदीचे व्यायाम. पडू नये म्हणूनच! हात न टेकता खुर्चीवरून उठायचं-बसायचं, खुर्चीची पाठ धरून एका पायावर उभं राहायचं. याला ना जिम लागते ना पैसा.

खुब्याचं हाड मोडलं तर म्हातारं माणूस खाटेला लागतं, हे मान्य. लांब राहणाऱ्याचा जीव खालीवर होतो, तेही मान्य. पुढं?

आपण वर्धा जिल्ह्यातली माणसं. विनोबा १९५१ साली भूदानाला निघाले तेव्हा पंचावन्न वर्षांचे होते, पुढची तेरा वर्षं देशभर पायी हिंडले. पोरांना हे छाती फुगवून सांगतो आपण. आणि घरातली बाई मारोतीच्या पारापर्यंत निघाली की मोटरसायकल काढतो! सरकारनं २०२२ पासून पंच्याहत्तरीच्या वरच्यांना एसटी फुकट केली. चांगलं केलं. पण गाडीच्या पहिल्या पायरीवर पाय टाकायची हिंमत तर राहू द्या बिचाऱ्यांत.

मी शेंगा तोडल्या नाहीत. खाली पायरीशी उभा राहिलो, म्हटलं, "ये मामी, मी हाओ इथं." हात धरला नाही मुद्दाम. अंग तिरकं करून, एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकवत उतरली. मांडवाखाली गेल्यावर मात्र तिची बोटं पाहावी, कोवळी शेंग सोडून बरोबर भरलेलीच खुडत होती. वर मलाच बोलणी, "अशी ओरबाडू नको, वेल तुटते." पाच मिनिटांत धाप लागली, टेकली पायरीवर. पण चेहरा वेगळाच होता राव.

दुपारी नातवाचा फोन. "काका, काही झालं असतं तर जबाबदार कोण?"

मी बाबा, मी जबाबदार. पण तूही ऐक. वेल्डरशी बोललो आहे, पायरीला आणि न्हाणीत धरायला लोखंडी नळी लावून देतो म्हणतो. उद्या माप घ्यायला येतो आहे. न्हाणी मी घासतो, नळीचे पैसे तू पाठव.