दुःखितांना लगेच बोलतं करू नका

अपघात, आग, पूर असं काही घडलं की एक सल्ला फिरू लागतो: 'त्यांना घडलेलं सगळं आजच सांगायला लावा, नाहीतर मनात साचून आजार होईल.' हे चुकीचं आहे. सल्ला देणाऱ्यांची तळमळ खरी असते, म्हणूनच हे स्पष्ट सांगावंसं वाटतं.

वेल्समध्ये भाजलेल्या 133 रुग्णांवरचा अभ्यास 1997 साली प्रसिद्ध झाला. सुरुवातीलाच एकदा बसवून ज्यांच्याकडून प्रसंग वदवून घेतला, त्यांच्यापैकी 26 टक्क्यांना 13 महिन्यांनी आघातोत्तर तणावविकार (भयंकर प्रसंग पुन्हा पुन्हा आठवून छळत राहतो तो मानसिक आजार, PTSD) होता. ज्यांना तसं बसवलं नव्हतं, त्यांच्यात 9 टक्के. (पहिल्या गटाच्या जखमा मुळात जास्त होत्या, त्यामुळे सगळा दोष बोलण्याचा नाही. पण फायदाही दिसला नाही.) जागतिक आरोग्य संघटनेची 2011 ची मानसिक प्रथमोपचार पुस्तिकाही सांगते: बोलण्याची बळजबरी नको.

मग करायचं काय? शेजारी बसा. पाणी द्या, पांघरूण द्या, घरच्यांना फोन लावून द्या. ती व्यक्ती गप्प असेल तर गप्प राहू द्या. बोलू लागली तर मध्ये न तोडता ऐका. 'मग पुढे काय झालं?' असं खोदून विचारू नका. आपली गोष्ट कधी आणि कुणाला सांगायची, हे तिचं तिला ठरवू द्या. महिनाभरानंतरही झोप उडालेली असेल, प्रसंग डोळ्यांपुढून हलत नसेल, तर मानसोपचारतज्ज्ञांकडे न्या.