नझरूलचं नोबेल कुणीही चोरलं नव्हतं

बंगाली कवी काझी नझरूल इस्लाम यांच्याबद्दल बंगालीत एक मजकूर वर्षानुवर्षं फिरतो आहे. नोबेल खरं नझरूलचं, रवींद्रनाथांनी त्यांच्या कविता चोरून ते लाटलं. पुढे आपल्या नात्यातली मुलगी त्यांच्या गळ्यात बांधली आणि तिच्या हातून विष घालून त्यांना वेडं केलं. यात बदनामी रवींद्रनाथांची दिसते, पण मला वाईट वाटतं ते नझरूलसाठी.

नोबेल मिळालं 1913 मध्ये. नझरूल 1899 चे, म्हणजे तेव्हा चौदा वर्षांचे. बंगाली ‘गीतांजली’ 1910 मध्ये आली तेव्हा अकराचे.

आता वैर. ‘धूमकेतू’ या आपल्या पत्रात नझरूलनी दुर्गेला साद घालत इंग्रज राजवटीवर तुटून पडणारी कविता छापली आणि 1923 च्या जानेवारीत इंग्रज सरकारने राजद्रोह ठरवून त्यांना वर्षभराची शिक्षा दिली. रवींद्रनाथांनी आपलं ‘वसंत’ हे गीतिनाट्य त्यांना अर्पण केलं, प्रत तुरुंगात पोचवली. हुगळीच्या तुरुंगात नझरूल उपोषणाला बसले तेव्हा तार केली: उपोषण सोडा, आपल्या साहित्याला तुम्ही हवे आहात. दोघांत खटका उडालाच नाही असं मी म्हणणार नाही. 1927 मध्ये कवितेत रक्तासाठी फारसी ‘खून’ शब्द वापरण्यावर रवींद्रनाथांनी आक्षेप घेतला, नझरूलनी लेख लिहून खणखणीत उत्तर दिलं. एका शब्दासाठी गुरुदेवांशी भांडणारा हा माणूस कविता चोरीला गेल्या असत्या तर गप्प बसला असता? उलट 1928 मध्ये ‘संचिता’ हा निवडक कवितांचा संग्रह त्यांनी रवींद्रनाथांनाच वाहिला.

रवींद्रनाथ 7 ऑगस्ट 1941 ला गेले. नझरूलनी त्यांच्यावर ‘रविहारा’ ही कविता लिहून कलकत्ता रेडिओवर म्हटली. नझरूलची वाचा गेली ती 1942 मध्ये, जवळजवळ वर्षभराने. 1953 मध्ये व्हिएन्नाच्या डॉक्टरांनी मेंदू झिजवणाऱ्या पिक्स डिसीजचं निदान केलं.

राहिली ती ‘नात्यातली मुलगी’. प्रमिला माहेरच्या सेनगुप्ता, पूर्व बंगालातल्या. ठाकूर घराण्याशी त्यांचं नातं नव्हतं. 1924 मध्ये घरच्यांचा आणि समाजाचा रोष पत्करून दोघांनी लग्न केलं. नझरूल आजारी पडण्याआधीच प्रमिलांना पक्षाघात झाला होता, कमरेखालचं अंग लुळं. तशा अवस्थेत, अंथरुणाला खिळून, वीस वर्षं त्या या मुक्या झालेल्या नवऱ्याला भरवत राहिल्या. 1962 मध्ये त्या गेल्या. त्यांची कबर चुरुलियात आहे, नझरूलच्या जन्मगावी.