दुसरं गलबत

काल कट्ट्यावर ठिणगी टाकली ती विन्याने. "लोकशाहीचं कौतुक अथेन्सला, पण राज्य चालवावं कसं ते कळलं रोमनांना." चहा अजून आला नव्हता, आणि मी उसळलो.

"रोममध्ये मतं कशी मोजायचे ठाऊक आहे? माणशी नाही, गटागणिक. कॉन्सल, म्हणजे रोमचे सर्वोच्च अधिकारी, निवडणाऱ्या सभेत 193 गट. जुन्या रचनेत घोडेस्वारांचे 18 आणि सगळ्यात श्रीमंत वर्गाचे 80. झाले 98, म्हणजे बहुमत. त्यांचं जमलं की मतदान तिथंच थांबायचं. ज्यांच्याकडे काहीच नाही असे सगळे एकाच गटात कोंबलेले, त्यांची पाळी यायची कधी?"

"आणि ट्रिब्यून?" विन्या अडून बसला. "गोरगरिबांनी भांडून मिळवलेलं पद. एकट्या ट्रिब्यूनने 'व्हेटो' म्हटलं की कॉन्सलचाही हुकूम अडायचा. कॉन्सलही दोन, तेही वर्षापुरते, एकाने दुसऱ्याला रोखायचं. अथेन्सला असा लगाम होता? इ.स.पू. 406 मध्ये आर्गिनुसेची लढाई जिंकणाऱ्या आपल्याच सहा सेनापतींना तुझ्या अथेन्सच्या लोकांच्या सभेने मारलं. का, तर वादळात बुडणाऱ्या खलाशांना वाचवलं नाही म्हणून."

हे खरंच आहे. मला त्यावर उत्तर नाही. पण मला अथेन्स आवडतं ते सोडतीच्या त्या दगडासाठी. माणसाच्या उंचीची शिळा, तिच्यात खाचांच्या रांगा. जो तो आपल्या नावाची पट्टी आणायचा, ती खाचेत बसवायची. कडेच्या नळीतून काळे-पांढरे गोटे सोडायचे. पांढरा आला की ती अख्खी रांग त्या दिवशी न्यायाधीश. कारभार पाहणारं 500 जणांचं मंडळही सोडतीनेच. कुंभार, कोळी, कुणीही. माणूस साधा आहे म्हणून त्याला वगळायचं नाही, हा विश्वास मला फार मोठा वाटतो.

"आणि बायका? गुलाम?" ज्योतीने विचारलं. "दोन्हीकडे बाहेरच. पण रोमन नागरिकाने रीतसर मुक्त केलेला गुलाम नागरिक व्हायचा. अथेन्समध्ये नाही. ॲरिस्टॉटल तिथे इतकी वर्षं राहिला, शिकवलं, तरी परकाच."

मी गप्प झालो. तिचं म्हणणं लागलं.

मग मास्तरांनी मितिलीनीची गोष्ट काढली. इ.स.पू. 427. अथेन्सविरुद्ध बंड केलेल्या त्या शहरातले सगळे पुरुष मारा, बायकामुलं विका, असा ठराव अथेन्सच्या सभेत झाला, हुकूम घेऊन गलबत निघालंसुद्धा. रात्र गेली आणि लोकांना आपल्याच ठरावाची भीती वाटली. दुसऱ्या दिवशी पुन्हा सभा. क्लिऑन म्हणाला, शिक्षा ढिली करू नका. डायोडोटस म्हणाला, मारून आपल्याला काय मिळणार? हात वर झाले, जवळजवळ बरोबरीत, पण ठराव फिरला. दुसरं गलबत सुटलं. वल्हेकरी सातूचं पीठ दारूत आणि तेलात कालवून वल्ही मारता मारताच खात होते, आळीपाळीने झोपत होते. पोहोचले तेव्हा पहिला हुकूम वाचून झाला होता, अंमल व्हायचा होता.

"बघ," मी म्हणालो. "त्याच लोकांनी, आपल्याच हातांनी फिरवलं."

"पण बंडाचे पुढारी म्हणून हजारावर माणसं मारलीच की," विन्या म्हणाला.

"मारली. शहर उरलं."

ज्योतीने मास्तरांना विचारलं, पहिलं गलबत एवढं आधी निघूनही फारसं आधी कसं पोहोचलं नाही? मास्तर म्हणाले, असल्या कामाला निघालेली माणसं वल्ही जोरात मारत नव्हती.